चेंबर नंबर चार

दिल्लीच्या संग्रहालयातून बावीस चित्रं सावद्याला आली,
तीन दिवसांसाठी,
आणि ठेवायला जागा नव्हती.
शाळेच्या हॉलवर पत्रे, मे महिना, सावलीत पंचेचाळीस.
मंगल कार्यालयात लग्न.
शेवटी तहसीलदारांनी विचारलं, या गावात गार काय आहे?
गार एकच गोष्ट आहे आमच्याकडे:
बेंडाळेशेठची केळी पिकवायची चेंबरं.

चार नंबर रिकामं केलं. दोन दिवस धुतलं.
तरी वास राहिलाच.
संग्रहालयाच्या बाईंनी भिंतीजवळ नाक नेलं
आणि पहिलं विचारलं, गॅस बंद आहे ना?
बंद आहे, म्हटलं. नळी मी स्वतः काढली होती.
कारण मलाही भीती,
रात्रीतून सगळी पिवळी पडली तर?

एकोणीस वर्षं मी हेच केलं.
हिरवं आत घ्यायचं,
चौथ्या दिवशी पिवळं बाहेर काढायचं.
रंग फिरला नाही तर शेठ ओरडतो.
आता बाईंनी कागदावर लिहून दिलं:
तापमान बावीस. आर्द्रता पन्नास.
आणि तोंडानं म्हणाल्या,
रंग बदलता कामा नये हं, भागवतभाऊ.
असं काम मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

लोक आले. आधी गारव्याला आले, खोटं कशाला बोलू.
कापणीवाले दुपारच्या सुट्टीत आले, चिकाच्या डागांचे कपडे घालून.
एका मोठ्या चित्रात नुसते काळे-तपकिरी फराटे होते.
जुम्मा तडवी त्याच्यापुढे उभा राहिला,
स्वतःचा सदरा ताणून धरला
आणि म्हणाला, हे त माह्याकडंबी हाये,
दोन हजाराले देतो.
सगळे हसले. चौकीदारही.
जुम्मा मात्र हसला नाही, आणखी थोडा वेळ बघत राहिला.

फण्या धुणारी द्वारकाबाई
एका झोपलेल्या बाईच्या चित्रापाशी थांबली.
हिले कोनी उठवत नाही का व माय?
एवढंच बोलली.
पाच वाजले तरी तिथेच होती.

सतरा नंबरचं चित्र तळहाताएवढं.
बाग, कारंजं, पोपट घेतलेली एक बाई.
पाटीवर लिहिलेलं:
चित्रकार अज्ञात. बहुधा बुऱ्हाणपूर.
बहुधा!
अहो, माझी बहीण दिलीय तिथे.
सणाला जातो आम्ही, मावा जिलेबी घेऊन येतो.
बाईच्या मागे केळ.
मला आधी तीच दिसली, पोपट नंतर.
घडाला सहा फण्या. मी मोजल्या.
केळफूल अजून लोंबतंय, कापलेलं नाही,
म्हणजे चित्रकार शेतकरी नव्हता.
पण एक पान वाऱ्यानं शिरेपर्यंत फाटलेलं काढलंय त्यानं,
आणि तसं फाटणं कुणी ऐकून काढत नाही.

बाईंना म्हटलं, तीनशे वर्षं घड कच्चाच?
त्यांनी चष्मा वर केला. म्हणाल्या,
थोडा रंग उडालाय. पूर्वी जास्त हिरवा असणार.
म्हणजे पिकतोय.
गॅस न लावता, आपल्या चालीनं.
हे मी मनात म्हटलं. बाईंना कशाला घाबरवा?

दुसऱ्या रात्री लाइट गेली.
जनरेटर खोकला, बसला.
चेंबरचं दार उघडायचं नसतं अशा वेळी, गारवा जातो.
मी बाहेर, दाराला पाठ लावून,
आतले बावीस अंधारात.
काट्यावर तेवीस. साडेतेवीस.
केळ्यांसाठी मी कधी असा बसलो नव्हतो.
पाव तास झाला असेल,
मग मोटर घरघरली आणि माझ्या पाठीत ती घरघर उतरली.

चौथ्या दिवशी खोकी गेली.
दुपारी रावेरचा माल आला, चारशे क्रेट.
नळी जोडली.
रजिस्टरात तीन दिवसांची पानं कोरी सोडता येत नाहीत,
शेठचा नियम आहे. म्हणून लिहिलं:
माल: चित्रं. आवक बावीस. जावक बावीस.
घट:
इथे पेन थांबलं.
सतरा नंबर आठवला.
मग लिहिलं, किंचित.